पूर्वीच्या बायका

चि. चिऊस अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू नुसती हं हं करत होतीस आणि मागे पिल्लू टाहो फोडत होतं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय, पण तू सांगेचनास. मग आज सकाळी फॅमिली ग्रुप उघडला तर काकूंचा फॉरवर्ड. पूर्वीच्या बायका म्हणे दहा-दहा बाळंतपणं करायच्या, सकाळी शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या, कधी हूं की चूं केलं नाही, आणि आजकालच्या मुलींना एका पोरातच डिप्रेशन येतं. खाली 14 जणांनी हात जोडलेत. त्यात एक अंगठा तुझ्या बाबांचा पण होता, त्यांचं मी बघून घेतलंय.

ग्रुपवरच उत्तर टाकणार होते, पण तिथे काही बोललं की दिवाळीपर्यंत पुरतं, म्हणून तुलाच लिहितेय. चष्मा सापडत नाहीये, तेव्हा टायपिंगच्या चुका पोटात घाल.

तर हूं की चूं. अगं, या पूर्वीच्या बायका म्हणजे नक्की कोण? मला 700 वर्षांपूर्वीच्या काही माहिती आहेत आणि त्यातली एकही गप्प बसलेली नाही. नामदेवांचं घर घे. पंढरपुरात शिंप्याचं घर, म्हातारी आई गोणाई, बायको राजाई, नारा विठा गोंदा महादा ही 4 पोरं, लिंबाई मुलगी, पुढे त्या चौघांच्या सुना, शिवाय जनी, आणि ज्याने कात्री-सुई धरायची तो मुलगा दिवसभर देवळात. गाथेत गोणाईच्या नावाने अभंग आहेत, त्यात ती सरळ विठोबाशी भांडते, की पोटात मी वाढवला, नवससायास मी केले आणि तू आयता घेऊन बसलास होय, माझा नाम्या मला परत दे. राजाई त्याच्याही पुढची. ती विठोबाकडे जातच नाही, थेट रखुमाईला गाठते, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला वेड लावलंय, घरात खायला नाही, पोरांच्या अंगावर धड कपडा नाही, तू त्याला काहीतरी सांग. शिंप्याच्या घरात पोरांना कपडा नाही, बघ म्हणजे! (पुरुष ऐकेना की त्याच्या बायकोकडे जायचं ही आपल्या चाळीतली पद्धत किती जुनी आहे ते कळलं ना.)

आणि ती परिसाची गोष्ट तुला लहानपणी सांगितली होती ती आठवतेय का? परिसा भागवताच्या बायकोकडे, कमळजाकडे, परीस असतो, ती राजाईची दशा बघून तिला तो चार घटका वापरायला देते, राजाई सोनं करून घरात वाणसामान भरते, आणि नामदेव घरी येऊन बघतात तर काय, परीस उचलून चंद्रभागेत! सगळे कीर्तनकार इथे नामदेवांच्या वैराग्याने गहिवरतात. मी मात्र दर वेळी त्या डब्यांचा विचार करते, त्या बाईने किती दिवसांनी ते डबे भरले असतील. तू तेव्हा 6 वर्षांची होतीस आणि विचारलं होतंस, आई मग पोरांनी रात्री काय खाल्लं? मला उत्तर आलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल हे अभंग गोणाई-राजाईने कुठले रचलेत, मागाहून कुणीतरी त्यांच्या तोंडी घातले असतील. असतील बाई. अभ्यासकांना तसं वाटतंच. पण घालणाऱ्याने तरी ते शब्द कुठून आणले? आपल्याच घरात आईचं न् बायकोचं ऐकलं असेल ना. म्हणजे बायका तेव्हा बोलत होत्या, चांगल्या मोठ्याने बोलत होत्या.

ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो. त्यांची जन्मदाती रुक्मिणीबाई. नवरा संन्यास सोडून परत आला म्हणून गावाने वाळीत टाकलेली, निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ता अशी 4 पोरं, आणि शेवटी शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं म्हणून नवरा-बायको दोघं पोरांना मागे ठेवून गेली, असं परंपरा सांगते. मुक्ताईचा जन्म 1279 चा धरतात, म्हणजे शेंडेफळ तेव्हा किती लहान असेल. रुक्मिणीबाईंची मात्र एक ओळ कुणी लिहून ठेवली नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त त्रास तिचा होतो, पण ते राहू दे आत्ता, तू ओली बाळंतीण आहेस.

खरं तर मला तुला सोयराबाईंचं सांगायचं होतं. चोखोबांची बायको. चोखोबा मंगळवेढ्याला भिंत कोसळून गेले ते 1338 साली, त्याआधीची ही गोष्ट, आख्यायिकाच आहे पण फार जवळची. सोयराला बरीच वर्षं मूल नव्हतं, मग दिवस राहिले आणि नेमकी घटका भरत आली तेव्हा चोखोबा घरात नाहीत, बहिणीकडे निर्मळेकडे गेलेले. ही एकटी. त्या काळी गावकुसाबाहेरच्या झोपडीत कोण येणार? तर दारात निर्मळा उभी. तिने सगळं केलं, बाळंतपण केलं, पोराला न्हाऊ घातलं, बाळंतिणीचं सगळं बघितलं. नंतर चोखोबा परत येतात तेव्हा उलगडा होतो की खरी निर्मळा तर तिच्या घरीच होती, मग इथे आलं कोण? विठोबा आला होता. नणंद होऊन. ते पोर म्हणजे कर्ममेळा, तोही पुढे अभंग लिहायचा.

मला यात चमत्काराचं फार काही वाटत नाही चिऊ. मला वाटतं ते हे, की त्या बाईला देवाकडून हवं काय होतं, तर कळा सुरू झाल्यावर घरात दुसरं बाईमाणूस. बस. आणि देवानेही शंखचक्र घेऊन यायचं सोडून लुगडं नेसून, बाह्या सारून, गरम पाणी काढलं.

हीच सोयरा एका अभंगात विटाळावर बोलते. विटाळ विटाळ म्हणून ओरडताय, पण विटाळाशिवाय घडलेला देह जगात कुणाचा आहे ते तरी सांगा. 14 व्या शतकात! आणि मी तुझ्या वेळेला 1993 साली माहेरच्या मागच्या खोलीत 10 दिवस एकटी, बाजेखाली शेगडी, धुराने डोळे चुरचुरायचे, आजी ताट उंबऱ्याशी ठेवायची आणि दोन पावलं मागे सरकायची. पाणी वरून ओतायची. तुला घेतलं असताना एकदा तांब्या हातातून सुटला, सगळं पाणी दुपट्यावर, आणि मी इतकी रडले, इतकी रडले, पाण्यासाठी नव्हे गं. आजी उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली आमच्या वेळी नव्हती अशी रडारड. नंतर कित्येक वर्षांनी मावशीने सांगितलं की आजी बाळंतपणात विहिरीकडे जायची म्हणून तिच्यावर नजर ठेवायला लागायची.

आवलीचं राहिलंच. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, हे तुकोबांनीच लिहून ठेवलंय, पोरगाही गेला. दुसरी आवली, तिला सगळ्यांनी कजाग ठरवून टाकलं. भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हात भाकरी घेऊन चढणारी तीच, वाटेत पायात काटा मोडला की त्या काळ्याला शिव्या घालणारीही तीच, आणि 1650 मध्ये तुकोबा गेले तेव्हा ती पोटुशी होती. तो नारायण. त्याने वडलांना पाहिलंही नाही आणि पुढे 1685 मध्ये त्यांच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला न्यायला सुरुवात केली ती यानेच. हे पोर वाढवलं कुणी? त्या कजाग बाईनेच ना.

तर आता कामाचं. शनिवारी तुझी नणंद येतेय म्हणालीस आणि लगेच म्हणालीस तिला कशाला त्रास, मी मॅनेज करते. मॅनेज करू नकोस. तिला येऊ दे, भांडी घासू दे, मशीन लावू दे, पिल्लू तिच्या हातात दे आणि तू दार लावून झोप. तिकडे पहिला आठवडा घरी मदतीला बाई येते हे मला फार आवडलं होतं, पण ती गेल्यापासून तुझा आवाज बदललाय, आईला कळतं. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत रडू येतंय, झोप लागत नाही, नको नको वाटतं, हे सगळं स्पष्ट सांग, काकूंचा फॉरवर्ड डोक्यात ठेवून लपवू नकोस. नणंदेला सांग अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे, मग खोबरं-गूळ घालून मंद आचेवर, जायफळ शेवटी. अळीव तुझ्या निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत, मी सप्टेंबरमध्ये पाठवले होते ते, तू उघडलाही नसशील.

माझा व्हिसा अजून प्रोसेसमध्येच दाखवतोय, रोज सकाळी बघते. डिंकाचे लाडू दोन डबे करून ठेवलेत, त्यातला एक बाबांनी अंगठ्याच्या बदल्यात गमावलाय म्हणजे त्यांना मिळणार नाही.

रात्री 3 वाजता रडू आलं तर तेव्हाच फोन कर. इथे साडेसात झालेले असतात, माझा चहा झालेला असतो.

तुझी,
आई