विमानाच्या जुन्या वस्तूंचा बाजार उठला

संपादक साहेब,
नाणी-तिकिटांचं प्रदर्शन लागलं की आम्ही आधी विमानाचा माल शोधायचो, म्हणजे एअर इंडियाच्या महाराजाची पोस्टकार्डं, इंडियन एअरलाइन्सची टाइमटेबलं, बॅगांचे टॅग असलं. आता ते टेबलच दिसत नाही. जून २००८ पासून आयाटाने (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) कागदी तिकिटं बंद केली, बोर्डिंग पास मोबाईलवर आला, मग पोरं जमवणार काय, स्क्रीनशॉट? चांगला माल उरलाय तो ऑनलाइन लिलावात जातो, तिथं हातात घेऊन बघायची आणि घासाघीस करायची मजा कुठली. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ ला इथं कोल्हापुरात विमानतळ झाला, तेव्हाचे फोटो-कागद कुणाच्या तरी माळ्यावर असतीलच (वाळवी लागली नसेल तर). ते रद्दीत जायच्या आधी शाहू स्मारकात एखादा रविवार असा बाजार भरवा की कुणीतरी.
- एक संग्राहक, कोल्हापूर