काका, आभारांच्या पानावर तुम्ही अर्ध्याच ओळीत बसलात

काका, साष्टांग नमस्कार.

प्रबंध जमा केला. आभारांच्या पानावर तुमच्या वाट्याला ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप विभागाचे तांत्रिक साहाय्य’ एवढंच आलंय. साच्यात तेवढंच बसतं म्हणे. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही कुणाला धड भाषणही करू दिलं नाहीत, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

दुसऱ्या वर्षीचा तो पावसाळा आठवतोय? कात्रजहून बस बदलत, भिजत मी तुमच्या दारात उभी होते आणि हातातल्या नळीत पेशींचा मोहरीएवढा गोळा. काम उंदरांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, करणाऱ्या रेट्रोव्हायरस जातीच्या विषाणूवरचं. विषाणूचा सांगाडा बांधणाऱ्या त्याच्या गॅग प्रथिनात पी-१२ नावाचा ८४ अमिनो आम्लांचा तुकडा असतो. त्याचं शेपूट मी बदललं होतं. असे शेपूट बदललेले विषाणू पेशीतून नीट बाहेर पडतात, अडतात ते पुढच्या पेशीत शिरल्यावर. माझे मात्र बाहेरच येत नव्हते. पेशींच्या आत गॅग ढीगभर, बाहेरच्या माध्यमात ठणठणाट. सहा आठवडे तेच. प्लाझ्मिड (ज्यावरून पेशी हे विषाणू बनवतात तो डीएनएचा गोल तुकडा) टाकून दे, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. काचेची नवी सुरी तोडलीत आणि मायक्रोटोमवर, म्हणजे अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, माझ्या पेशी बसवलेला रेझिनचा ठोकळा चढवलात. सुरीमागच्या पाण्यावर काप तरंगायला लागले की त्यांचा रंग बघायचा: सोनेरी म्हणजे जाड, चंदेरी हवा. मग काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने ते ग्रिडकडे, म्हणजे काप ठेवायच्या धातूच्या बारीक जाळीकडे, ढकलायचे. ती पापणी तुमचीच होती, हे मला फार उशिरा कळलं! लेड सायट्रेट या शिशाच्या रंगद्रव्याच्या थेंबावर ग्रिड ठेवताना तुम्ही दरडावलंत, “श्वास धर.” उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने शिशाचे काळे ठिपके पडतात आणि नवशिकी पोरं त्यांनाच विषाणू समजतात.

आणि मग अंधाऱ्या खोलीत तुम्ही म्हणालात, “विषाणू आहेत की गं. निघत नाहीयेत फक्त. सकाळच्या स्वारगेट बसच्या दारात लटकल्यासारखे.”

खरंच लटकलेले होते. पेशीच्या पटलावर गोल गोल फुगे आणि प्रत्येकाला खाली बारीक देठ. पी-१२ मध्ये तीन प्रोलिन आणि एक टायरोसिन अशी अमिनो आम्लांची लागोपाठ चौकडी असते. ती पेशीतल्या एस्कॉर्ट (ESCRT) नावाच्या प्रथिनांच्या यंत्रणेला बोलावून आणते आणि ती यंत्रणा हा देठ कापते. चौकडी मोडली की विषाणू दारातच अडकतो. पण ही चौकडी मोडलेला म्यूटंट, म्हणजे मुद्दाम बदललेला विषाणू, मी तुलनेसाठी वेगळा बनवला होता! म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली होती. सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचल्यावर, तेच कळलं. नळ्यांवरचा माझ्या अक्षरातला एक आणि सात मलाच कळला नव्हता. प्लाझ्मिड बिचारं निर्दोष.

मग खऱ्या शेपूटवाल्याचे काप तुम्ही पुन्हा पहिल्यापासून केलेत. ते विषाणू सुटे, गोल, आतला गाभाही मूळ विषाणूसारखाच. तुम्ही एकेक मोजायला लावलेत तेव्हा मी मनात चरफडले होते, पण त्या मोजणीमुळेच खोट बांधणीत नाही हे ठामपणे लिहिता आलं. खोट पुढे होती. हा विषाणू पेशीत शिरतो, आपल्या आरएनएचा डीएनए करतो आणि केंद्रकाबाहेर थांबतो. पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळलं की त्याला आत जाता येतं. त्या वेळी पी-१२ चं एक टोक कॅप्सिडला, म्हणजे विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिन-कवचाला, धरून असतं आणि दुसरं, म्हणजे हे शेपूट, गुणसूत्राला. शेपूट बिघडलं की डीएनए तयार असूनही बाहेरच राहतो. जाताना देठ कापवून घेणारा आणि येताना गुणसूत्राला लटकणारा, तुकडा एकच. प्रबंधाची दोन प्रकरणं यावरच उभी आहेत.

“उंदराचं झालं, माणसाचं काय?” असं तुम्ही चहा पिताना विचारलं होतंत आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलले होते. आता नीट सांगते. एचआयव्हीला केंद्रकात शिरायला पेशी विभागायची वाट बघावी लागत नाही, पण त्याचंही कॅप्सिड असंच दोन्हीकडे राबतं. लेनाकापाविर हे औषध त्याच कॅप्सिडला चिकटतं, त्यामुळे केंद्रकात शिरणंही अडतं आणि नव्या विषाणूची जुळणीही बिघडते. अमेरिकेत उपचारासाठी त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा. लागण टाळण्यासाठी दक्षिण आफ्रिका आणि युगांडात झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. निकाल २०२४ चा. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पापणीची काडी तुमच्या ड्रॉवरमध्येच आहे. नवा मुलगा ती कचरा समजून टाकायला निघाला होता, मी हिसकावून घेतली. त्याचे काप अजून सोनेरीच येतात. एखाद्या गुरुवारी चक्कर मारा, चहा माझ्याकडून. तोवर मी त्याला श्वास धरायला शिकवतेय.

तुमची,
एक आणि सातवाली