तरणतलावाचा टायमर वारंवार का जळतो?

संपादक महोदय,

एप्रिल-मेमध्ये सोसायट्यांच्या स्विमिंग पुलावर मुलांची झुंबड असते. नेमका तेव्हा पंपाचा टायमर बसतो. घाईघाईने तसाच दुसरा आणून लावला जातो आणि काही महिन्यांत तोही जातो. दोष बहुतेक वेळा टायमरमध्ये नसून जोडणीत असतो, हे व्यवस्थापन समित्यांनी समजून घ्यायला हवे.

टायमरवर १६ अँपिअर छापलेले असते. दोन एचपीचा सिंगल फेज पंप चालताना साधारण १० अँपिअर घेतो, म्हणून पंपाची वायर थेट टायमरमधून नेतात. पण १६ हा आकडा हीटरसारख्या लोडसाठी आहे. बऱ्याच यांत्रिक टायमरवर त्याच्या शेजारी कंसात ४ लिहिलेले असते. मोटरसाठी तोच धरायचा. त्यात मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. दर वेळी कॉन्टॅक्टवर, म्हणजे टायमरच्या आतल्या चांदीच्या जोडटोकांवर, ठिणगी पडते, चांदी उडते, काळे खड्डे पडतात आणि एक दिवस दोन्ही टोके चिकटून बसतात. तबकडी फिरत असते, टिकटिक ऐकू येते, वेळही संपते, पण पंप थांबत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून कॉन्टॅक्ट सोडवतात किंवा पॉलिश पेपर मारतात. त्याने उरलीसुरली चांदीही निघून जाते.

उलट प्रकारही घडतो. टायमर 'ऑन' दाखवतो आणि पंप सुरू होत नाही. तेव्हा आधी टायमरच्या आउटपुटला मल्टीमीटर लावावा. २३० व्होल्ट येत असतील आणि पंप नुसताच गुणगुणत असेल, तर टायमर ठीक आहे, मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर बघा. वेळच सरकत असेल तर कारण वीज जाण्यात आहे. बॅटरी नसलेला यांत्रिक टायमर रोज ४० मिनिटे बंद पडला, तर दहा दिवसांत ६ तास ४० मिनिटे मागे जातो आणि पहाटे ६ चे फिल्टरेशन भर दुपारी सुरू होते. नवा घेताना १०० तासांहून अधिक बॅकअप असलेला डिजिटल टायमर घ्यावा.

यावर उपाय म्हणजे पंपाचा करंट कॉन्टॅक्टरमधून न्यावा. हा कॉइलच्या छोट्या करंटवर चालणारा मोठा स्विच असतो. टायमरने फक्त त्याची कॉइल चालवावी. मेन स्विच बंद करून, कुलूप घालून, मल्टीमीटरने सप्लाय नसल्याची खात्री करावी आणि जुन्या जोडणीचा फोटो काढावा. टायमरच्या आउटपुटचा फेज ओव्हरलोड रिलेच्या (मोटरने जास्त करंट घेतल्यास सप्लाय तोडणाऱ्या रिलेच्या) ९५-९६ या टर्मिनलमधून कॉइलच्या ए१ टर्मिनलला, न्यूट्रल ए२ ला. दोन एचपीला एसी-३ (मोटरसाठीच्या) रेटिंगचा २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर पुरतो. रिले पंपाच्या नेमप्लेटवरील करंटवर सेट करावा. पंप सिंगल फेज असेल तर करंट रिलेच्या तिन्ही पोलांतून फिरवून न्यावा, नाहीतर फेज गेल्याचे समजून रिले उगीच ट्रिप होतो. मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. पॅनेल क्लोरीनच्या कॅनजवळ लावू नये. त्या वाफेने तांबे हिरवे पडते.

सर्वांत धोक्याची गोष्ट डोसिंग पंपाची, म्हणजे पाण्यात रसायने सोडणाऱ्या छोट्या पंपाची. अनेक ठिकाणी त्याचा प्लग वेगळ्याच सॉकेटवर असतो. मुख्य पंप टायमरमुळे बंद राहिला तरी हायपोक्लोराइट (क्लोरीनचे द्रावण) आणि ॲसिड पाइपात पडतच राहतात. साचलेल्या पाण्यात दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि पंप सुरू होताच तो इनलेटमधून थेट पोहणाऱ्या मुलांच्या तोंडाशी येतो. म्हणून डोसिंगचा सप्लाय कॉन्टॅक्टरच्या १३-१४ या जादा कॉन्टॅक्टमधूनच द्यावा. मोटर अडकून नुसती गुणगुणत असली तरी रिले ट्रिप होईपर्यंत कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो, त्यामुळे सिरीजमध्ये पाणी वाहत असतानाच जोडला जाणारा फ्लो स्विचही हवा. टायमर 'डायरेक्ट' करून, म्हणजे तो वगळून, पंप चालवण्याची सवय तर आजच सोडावी. या जोडणीत कॉन्टॅक्टरही वगळून पंप डायरेक्ट केल्यास डोसिंगची साखळीही तुटते.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पैसे देण्याआधी पूल रिकामा असताना समितीच्या एका सदस्याने समोर उभे राहून मुख्य पंप बंद करायला सांगावे. डोसिंग पंपाचा आवाज त्याच क्षणी थांबला नाही, तर काम अपुरे आहे.

– एक विद्युत ठेकेदार, पुणे