सांगितलंस का?

विटा
रविवार, रात्री

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल तू मध्येच फोन ठेवलास, तेव्हापासून घशाखाली घास नीट उतरलेला नाही. रागावून लिहीत नाहीये. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागदावर लिहून त्याचाच फोटो पाठवते आहे. दोनदा वाच.

बीमटाइम, म्हणजे त्या मोठ्या एक्स-रे लेसरवर तुमच्या प्रयोगाला मिळालेले दिवस, नऊ दिवसांवर आलाय, तुला तिसरा महिना लागलाय, आणि तुझ्या सरांना तू अजून सांगितलेलं नाहीस. "तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगू नये, असं तूच म्हणतेस ना," म्हणालीस. म्हणते मी. पण ते शेजारणींना आणि तुझ्या आत्याला. शिफ्टचा तक्ता ज्यांच्या हातात आहे त्यांना नव्हे.

एकतीस वर्षं मी एक्स-रेच्या खोलीत काढली. आत कुणी राहिलं नाही हे फिरून बघितल्याशिवाय आणि दार बंद झाल्याशिवाय तुमच्याकडे बीम सोडत नाहीत, तुम्ही बाहेर संगणकापुढे बसता, हे तू तीनदा समजावलंस. पटलंय मला. पटूनही रात्री उठून बसते, त्याला काय करू? आणि किरणांचं सोडलं तरी ओळीने पाच रात्री बारा-बारा तास जागायचं, तेही या दिवसांत? गरोदर बाईला रात्री आठ ते सकाळी सहा कामाला लावायचं नाही, असा जर्मनीतला कायदा आहे हे तूच मला सांगितलंस. एवढा चांगला कायदा, पण तू तोंड उघडल्याशिवाय त्याला तुझ्या पोटातलं कसं कळणार?

बघ, लागले ना पुन्हा सुनवायला. चुकलं माझं. हा विषय आता काढत नाही.

खरं सांगू, तुझं काम मला कळायला लागलं तेव्हा ऊर भरून आला होता. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तू सांगत होतीस. मी जन्मभर पेशंटला म्हणत आले, "श्वास घ्या, रोखा, सोडा." हलला की प्लेट वाया. लहान पोर असलं की वेळ कमी ठेवायचा, म्हणजे ते हलायच्या आत फोटो होऊन जातो. तुमचंही तेच, फक्त वेळ फेमटोसेकंदात. एका सेकंदात जेवढे फेमटोसेकंद, तेवढे सेकंद मोजायला तीन कोटींहून जास्त वर्षं लागतील, हे अण्णांना सांगितलं तर त्यांचा हात ताटातच राहिला. झोत इतका प्रखर की प्रथिनाच्या स्फटिकाच्या चिंधड्या होतात, पण त्या आधी त्यावरून विखुरलेल्या किरणांचे ठिपके डिटेक्टरवर उमटून गेलेले असतात. मी पेशंटला कमीत कमी किरण लागावेत म्हणून जपले, आणि तुमच्याकडे ज्याचा फोटो काढला तो उरतच नाही. त्या दिवशी मला ते कसंसंच वाटलं होतं.

मी एका हाडाचे दोन फोटो काढायचे, एक समोरून, एक बाजूने. तुमचे स्फटिक बारीक धारेतून गडगडत येतात, कोण कुठल्या कुशीवर आहे ठाऊक नाही, आणि संगणक ठिपक्यांवरून ती कूस ओळखतो! कॅलिफोर्नियातल्या लेसरवर फोटोसिस्टिम-१ चं, म्हणजे झाडं ज्याने ऊन पकडतात त्या प्रथिनाचं, पहिल्यांदा जमलं आणि २०११ साली त्याचा लेख आला, त्यासाठी तीस लाखांवर फोटो घ्यावे लागले होते. स्फटिक जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे, काही त्याहूनही बारीक. तुमच्या लेसरचा तो हॅम्बुर्ग ते शेनेफेल्ड ३.४ किलोमीटरचा बोगदा, सेकंदाला २७,००० पर्यंत झोत, हे मी बचत गटात सांगते तेव्हा बायका गप्प होऊन ऐकतात.

मागच्या वेळी ती स्फटिकांची धार सोडणारं नॉझल तुंबून अख्खी रात्र वाया गेली आणि तू रडलीस, ते मला जावयांकडून कळलं. म्हणून या वेळी तूच तिथे हवीस, हेही कळतं. पण त्या २०११ च्या लेखावर ऐंशीच्या वर नावं आहेत, तूच मोजून दाखवली होतीस. एवढ्या माणसांत कुणाला कधी ताप आला नसेल? कुणी पोटुशी नसेल? स्फटिक तू वाढवलेस, दोन वर्षं खपून. रात्री दुसरं कुणी बसलं म्हणून ते त्याचे होत नाहीत.

आता एक सांगते. हे अण्णांनाही पुरतं माहीत नाही.

खोलीच्या दारावर "दिवस गेले असल्यास आधी सांगा" ही पाटी माझ्याच अक्षरात होती. टेबलावर येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारायची, पाळी कधी आली होती? आणि तुझ्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा मी दोन महिने कुणालाच सांगितलं नाही. मी हंगामी होते. कळलं तर काढतील आणि कायम व्हायचं राहील, अशी भीती. डार्करूममध्ये फिक्सरच्या वासाने उमळून यायचं, मी पित्त म्हणायची. शिशाचा एप्रन घालायची, अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बॅज लावायची. त्या तिमाहीचा बॅजचा रिपोर्ट आला, आकडा मर्यादेत होता. तो कागद तुझ्या पत्रिकेच्या घडीत आहे अजून.

तू झालीस तेव्हा आधी तुझी बोटं मोजली. मग परत मोजली. चौदा महिने झाले तरी तू पाऊल टाकेनास, तेव्हा रात्रभर तो कागद हातात धरून बसले होते. आकड्याने माझं समाधान कधीच झालं नाही गं. तुला साधा ताप आला तरी मला ते दोन महिने आठवायचे.

तुझी चूक झाली असं नाही म्हणत. तू माझ्यापेक्षा शंभर पटीने शहाणी आहेस. पण सांग. उद्याच सांग.

झालं की मला फोन नको करूस, मी परत काहीतरी बोलेन. नुसतं "सांगितलं" एवढं टाक.

तुझी
आई

ता. क. पहिला चांगला ठिपक्यांचा फोटो आला की मला पाठव. सकाळी उठून पाठव, रात्री नको. आणि रात्री तुझ्या जागी जी मुलगी बसेल, तिच्यासाठी डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्या दे. पुरतील.