मॉर्गॉट आणि आमचा ओंकार

नागपूर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. आईचे गुडघे तसेच आहेत, बाकी सर्व ठीक. पत्राचे कारण असे की, हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो माझ्याच कपाळावर हात ठेवून ताप पाहील.

काल रात्री ओंकारने ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममधल्या मॉर्गॉटला हरवले. २०२२ साली धरमपेठेतल्या खोलीत याच मॉर्गॉटने, मार्गिट नावाने, स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर तुला इतके लोळवले होते की तुझ्या शिव्या ऐकून घरमालकीणबाई वर आल्या होत्या. ओंकारने मात्र जल्लोष केला नाही. एर्डट्री, म्हणजे त्या जगातले पूज्य झाड, कोणालाच जवळ येऊ देत नाही, आपण सगळेच टाकलेले आहोत, असे मॉर्गॉट शेवटी म्हणतो, ते ऐकून तो एवढेच बोलला, "काका, याला तर झाडानंही घेतलं नाही."

त्या जगात शिंगे घेऊन जन्मलेल्या मुलाची शिंगे छाटतात आणि बहुतेक मुले त्यातच दगावतात. राजघराण्यात छाटत नाहीत, कोणाला कळू न देता जमिनीखाली जन्मभर कोंडून ठेवतात. राणी मारिका आणि तिचा नवरा गॉडफ्री यांच्या पोटी जन्मलेल्या मॉर्गॉट आणि मोग या जुळ्यांच्या वाट्याला हेच आले. तरी ज्या घराने नाकारले त्याच घराची राखण मॉर्गॉट करतो, आणि हद्दपारीतून परत येणाऱ्या, म्हणजे त्याच्यासारख्याच टाकलेल्या माणसांना वाटेत अडवून मारतो. माझ्या मते त्याचे खलनायक होणे इथे आहे, शिंगांत नाही.

ओंकारने इंजिनिअरिंग सोडल्यापासून दादाने त्याच्याशी अबोला धरला आहे, हे तुला ठाऊकच आहे. रोज सकाळी हा पोरगा दादाची स्कूटर पुसून फाटकाशी लावतो, आणि दादा मान वर न करता ती घेऊन जातो. हे मी सोसले असते; पण परवा दहावीतल्या वैष्णवीने आर्ट्स घेण्याचा विषय काढताच, दादा तोंड उघडण्यापूर्वी ओंकारच तिच्यावर ओरडला, "बाबांच्या घरात हे चाळे चालणार नाहीत." आवाज हुबेहूब दादाचा होता. पोरगी ताटावरून उठून गेली आणि दादा वरणभात कालवत राहिला.

मोगच शहाणा, त्याने बाहेर पडून स्वतःचे घराणे उभे केले, यावरून तू माझ्याशी भांडला होतास. ते घराणे रक्ताच्या तळ्याकाठी आहे, हे तू सोयीने विसरतोस. तरीही ओंकारने दादाशी एकदा कडकडून भांडावे, असे आता मलाच वाटते.

तुझ्या बदलीचे काय झाले? रेवाचे कान दुखायचे थांबले का? वहिनींना नमस्कार.

दिवाळीला येशील तेव्हा ओंकारला फुटाळ्यावर घेऊन जा आणि वैष्णवीचा विषय तूच काढ, कारण माझे बोलणे त्याला काकाचा उपदेश वाटते. दादाशी मी बोलतो. मॉर्गॉट कोणत्या कॉलेजात आहे, असे त्याने विचारले नाही म्हणजे मिळवली.

तुझा,
श्रीकांत