विद्यार्थी एक, मार्गदर्शक चार, जबाबदार कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना स्वयंसेवकांनी मार्गदर्शन करायचे, अशा उपक्रमांची सर्वांत मोठी अडचण विचारली, तर ‘माणसे मिळत नाहीत’ हे उत्तर ठरलेले असते. अशाच एका उपक्रमात काही वर्षे काम केल्यावर मला वाटते, की आलेल्या माणसांत कामाची वाटणी न करणे ही त्याहून मोठी अडचण आहे.

आमच्या गटात एका विद्यार्थिनीला चार मार्गदर्शक होते. तिने एका सोमवारी संध्याकाळी समूहावर प्रश्न टाकला. चौघांनीही तो वाचल्याच्या खुणा तिला दिसत होत्या. मीही वाचला आणि हा विषय दुसऱ्या एका सहकाऱ्याचा असल्याने तोच उत्तर देईल, असे धरून चाललो. बाकीच्या तिघांनी नेमके हेच केले होते. नवव्या दिवशी तिने लिहिले, “सर, माझा प्रश्न चुकीचा होता का?” आमच्यापैकी कोणीही आळशी नव्हते, हे मी आजही सांगेन, परंतु तिला त्याचा काय उपयोग?

फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोर ओढणारी माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला आणि आठ जण एकत्र ओढू लागले तेव्हा तो जवळजवळ निम्म्यावर आला. रिंगेलमान यांनी याचे खापर मुख्यतः एकाच वेळी न ओढण्यावर, म्हणजे ताळमेळाच्या अभावावर फोडले होते. पुढच्या संशोधकांनी त्यात ‘दुसरा ओढतोच आहे’ या भावनेचीही भर घातली. आमच्याकडे दोन्ही गोष्टी होत्या. ताळमेळ नसल्यामुळे एकाने मान्य केलेला आराखडा दुसऱ्याने पुढच्याच आठवड्यात बदलायला लावला आणि दोघांनाही दुखवायचे नाही म्हणून त्या मुलीने दोन आराखडे तयार केले.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यामागे एकच मुख्य मार्गदर्शक आणि एकच पर्यायी मार्गदर्शक असावा आणि ही दोन्ही नावे विद्यार्थ्याला पहिल्याच बैठकीत सांगावीत. मुख्य मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा बोलायचे, काम तपासायचे आणि प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर द्यायचे, मग ते ‘पाहिले आहे, शुक्रवारी सांगतो’ एवढेच का असेना. इतर जाणकारांनी सल्ला जरूर द्यावा, पण तो मुख्य मार्गदर्शकाकडे. थेट विद्यार्थ्याकडे नव्हे. हे काहींना फार कडक वाटते आणि त्यामुळे मोकळी चर्चा थांबेल, असा आक्षेपही घेतला जातो. चर्चा खुशाल सर्वांसमोर व्हावी, मात्र त्यातले कोणते ऐकायचे, हे ठरवण्याचा भार शिकाऊ मुलावर टाकू नये.

अर्ज, वेळापत्रक, मूल्यमापनाच्या तारखांची आठवण, तक्रारी ही कामे वेगळ्या समन्वयकाकडे द्यावीत आणि त्याने शक्यतो स्वतःकडे विद्यार्थी घेऊ नयेत. २००५ पासून चालणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या, नवोदितांना मार्गदर्शकांच्या मदतीने सॉफ्टवेअर प्रकल्पांवर काम करू देणाऱ्या उपक्रमातही सहभागी संस्थेचे प्रशासक आणि मार्गदर्शक या भूमिका वेगळ्या ठेवलेल्या आहेत. समन्वयक वेगळा असण्याचा मोठा फायदा असा, की मार्गदर्शकाबद्दलच तक्रार असेल तर ती सांगायला विद्यार्थ्याला एक दार उरते.

राहिला प्रश्न मधेच गळणाऱ्यांचा. पगार नसलेल्या माणसाला बांधून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पण सुरुवातीलाच ‘आठवड्याला किती तास देऊ शकाल?’ असे स्पष्ट विचारले, तर ‘एकच तास’ म्हणणाऱ्याला पर्यायी मार्गदर्शकाचे किंवा केवळ काम तपासण्याचे काम देता येते. खरी पंचाईत होते ती संकोचापोटी तीन तास कबूल करून महिन्याभराने फोन न उचलणाऱ्यांची. यंदा आम्ही प्रत्येक भेटीनंतर दोन-तीन ओळींची नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात एका मार्गदर्शकाला घरच्या आजारपणामुळे अचानक थांबावे लागले, तेव्हा पर्यायी मार्गदर्शकाने त्या नोंदी वाचून त्याच आठवड्याची भेट घेतली आणि विद्यार्थ्याला आपले सारे पहिल्यापासून सांगावे लागले नाही.

आपला,
एक स्वयंसेवक मार्गदर्शक