थंडीसाठीचे यंत्र पावसाळ्यासाठी म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय: भिलार येथील घरी बसवलेले हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन यंत्र परत घेऊन पैसे परत करण्याबाबत

महोदय,

गेल्या दिवाळीच्या सुमारास आपल्या कंपनीने आमच्या नव्या घरात वरील यंत्र, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देऊन घरात हवा खेळती ठेवणारे यंत्र, बसवले. पैसे पूर्ण पोचले आहेत. व्यवहाराच्या वेळी आपल्या विक्री प्रतिनिधीने माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहून दिले होते, ‘पावसाळ्यात घर कोरडे राहील, बुरशी येणार नाही.’ खाली सही आणि कंपनीचा शिक्का आहे. माझी तक्रार मुख्यतः या एका ओळीबद्दल आहे.

आज ऑगस्ट संपत आला. शेजघरातल्या लाकडी कपाटामागची भिंत काळी पडली आहे. गोधड्यांना कुबट वास येतो, चामडी चपलांवर पांढरी बुरशी चढली आहे. सासूबाईंना दमा आहे, म्हणून तर हा एवढा खर्च केला होता. घरात ठेवलेल्या आर्द्रतामापकावरचा आकडा जुलैपासून ऐंशीच्या खाली आलेला नाही, आणि यंत्र रात्रंदिवस चालू आहे.

आपले तंत्रज्ञ येऊन म्हणाले, ‘मॅडम, पावसाळा आहे, एवढे चालायचेच.’ चालायचेच होते तर शिक्का मारून लिहून कशाला दिले?

या यंत्रात आतली बाहेर जाणारी हवा आणि बाहेरची आत येणारी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहते. त्यातून उष्णता इकडची तिकडे जाते, बाष्प जात नाही. युरोपातल्या हिवाळ्यात त्याने घर कोरडे होते, कारण शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जेमतेम 5 ग्रॅम पाणी मावते. अशी हवा आत येऊन गरम झाली की कोरडीच लागणार. आमच्याकडे महाबळेश्वरएवढा पाऊस नसला तरी पावसाळ्यात ढग अंगणातून फिरतात. बाहेरची हवा 20 अंशांची आणि पूर्ण ओली असते. तिच्यात घनमीटरला 17 ग्रॅम पाणी असते. ती घरात 23 अंशांवर आली तरी आर्द्रता 83 टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे बुरशीला अगदी मानवेल अशी. थोडक्यात, तुमचे यंत्र दिवसरात्र बाहेरची ओल गाळून, स्वच्छ करून घरात भरते आहे. आमच्याकडे पूर्वी पावसाळ्याआधी भिंतींना गवताचे पडदे बांधायचे, ते निदान पाऊस अडवायचे.

थंडीत यंत्राने काम केले, हे मला नाकारायचे नाही. पहाटे बाहेर 12 अंश असताना खोलीतल्या जाळीतून 18 अंशांची हवा येत होती. पण ‘वीजबिल निम्मे’ हा तुमचा दावा कुठून आला? तासाला 150 घनमीटर हवा आणि आत-बाहेर 8 अंशांचा फरक धरला, तर सुमारे 320 वॉट उष्णता वाचते. रात्रभर हीटर लावणाऱ्या घरात तीनेक युनिट वाचतील. हीटर आमच्याकडे फक्त सासूबाईंच्या खोलीत आहे. आणि यंत्राच्या पट्टीवर 70 वॉट लिहिले आहे, म्हणजे ते स्वतःच रोज 1.7 युनिट खाते, पावसाळ्यातही.

बसवण्याचे कामही धड नाही. हवा आत घेणारे आणि बाहेर टाकणारे तोंड एकाच भिंतीवर वीतभर अंतराने बसवले आहे. तुमच्याच मॅन्युअलमध्ये हे अंतर 3 मीटर सांगितले आहे. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की शेजघरात ठसका लागतो. आंघोळीच्या वाफेचे थंडीत यंत्रात पाणी होते, ते वाहून नेणाऱ्या पाइपला उलटा उतार आहे. त्यामुळे जानेवारीतच फॉल्स सिलिंगच्या जिप्समवर परातीएवढा पिवळा डाग पडला. फोटो सोबत आहेत. कोणत्या खोलीत किती हवा जाते, हे मोजल्याचा कागद मागितला तर ‘ऑफिसमधून पाठवतो’ असे उत्तर मिळाले. तो अजून आलेला नाही.

आता आपले म्हणणे असे की जादा पैसे भरून बाष्पही अडवणारा ‘एनर्जी रिकव्हरी’ कोअर, म्हणजे यंत्राचा आतला गाभा, बसवावा. त्याला माझी हरकत आहे. तो कोअर ओलसर हवेकडून कोरड्या हवेकडे बाष्प देतो. घर एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) लावून आधी कोरडे ठेवले असेल तर त्याचा उपयोग. इथे आतली हवाही ओली आणि बाहेरचीही ओली, मग तो कोणाचे पाणी कोणाला देणार? दमट हवामानात वेगळा डीह्युमिडिफायर लागेल, हे तुमच्याच इंग्रजी मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापले आहे. ते पान यंत्र बसवून झाल्यावर हाती आले.

तेव्हा यंत्र काढून न्यावे, बसवणुकीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी आणि भिंतीची भोके व सिलिंग दुरुस्त करून द्यावे. ते जमत नसेल तर पुरेशा क्षमतेचा डीह्युमिडिफायर आपल्या खर्चाने बसवावा, तोंडांचे अंतर आणि पाइपचा उतार सुधारावा व हवेची मोजमापे लेखी द्यावीत. भेट म्हणून दिलेले फिल्टर नकोत, ते ओले होऊन तसेच पडले आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल सातारच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. कराराच्या मागे ‘न्यायक्षेत्र पुणे’ छापले आहे, ते मी वाचले आहे. पण ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे त्याला जाता येते, हे याच कायद्यात आहे.

कळावे,

आपली ग्राहक
भिलार, ता. महाबळेश्वर, जि. सातारा

सोबत: पावतीची प्रत, शिक्क्याच्या माहितीपत्रकाची प्रत, भिंत व सिलिंगचे फोटो